लायसन्स ‘कन्व्हर्ट’ होत नसतं, दादा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. त्यांची लेक विमानांची मेन्टेनन्स इंजिनिअर आहे. भारताच्या विमान खात्याचं, म्हणजे डीजीसीएचं, बी१.१ लायसन्स (टर्बाइन इंजिनांच्या विमानांचं), ए३२० विमानाचं टाइप रेटिंग (त्या मॉडेलसाठीची लायसन्सवरची नोंद) आणि मुंबईत अडीच वर्षांची नोकरी. तिला जर्मनीला जायचंय. ‘तीन महिन्यांत लायसन्स युरोपचं करून देतो’ म्हणत एका एजंटानं ९ लाख मागितलेत, त्यातले ५० हजार घेतलेही. वडील विचारतात, कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा विकून बाकीचे देऊ का? आणि भारत सरकारचं लायसन्स तिकडं चालत कसं नाही?

नमस्कार दादा,

बेदाणा आहे तिथंच राहू द्या. भाव आला की विका, पण या कामासाठी विकू नका.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो समजला की एजंटाचं पितळ आपोआप उघडं पडतं. तुमच्या ट्रॅक्टरवर एमएच-१० असतं, तशी विमानाच्या अंगावर त्याच्या देशाची अक्षरं असतात. भारताची व्हीटी, जर्मनीचं डी, ब्रिटनचं जी, अमेरिकेचं एन. ज्या देशाच्या रजिस्टरवर विमान, त्या देशाचा कायदा ठरवतो की दुरुस्तीनंतर ‘हे विमान उडायला ठीक आहे’ अशी सही कुणी करायची. १९४४ च्या शिकागो करारापासून जगभर हीच रीत आहे. म्हणजे गंमत बघा, व्हीटी अक्षरांचं विमान फ्रँकफर्टला उभं असेल आणि कंपनीनं अधिकार दिला असेल, तर तुमच्या लेकीची सही तिथंही चालेल. पण डी अक्षराचं विमान मुंबईत तिच्या डोळ्यांसमोर उभं असलं, तरी नुसत्या भारतीय लायसन्सच्या जोरावर त्याच्यासाठी ती सही करू शकत नाही. यात तिच्या लायसन्सचा काही कमीपणा नाही. जर्मन मुलगा इकडं आला तर त्याचीही हीच गत.

आता युरोप. तिथले नियम ईएएसए नावाची संस्था करते, पण लायसन्स प्रत्येक देशाचं विमान खातं देतं. जर्मनीत ते ब्राउनश्वाइगच्या एलबीए या कार्यालयाकडून मिळतं. एका सदस्य देशाचं लायसन्स बाकीच्या सदस्य देशांत चालतं. ब्रिटन मात्र २०२१ पासून या घरातून वेगळं झालंय, तिथली वाट निराळी. भारताचं लायसन्स देऊन त्या बदल्यात युरोपचं घ्यायचं, अशी खिडकीच या नियमांत नाही. त्यामुळे तीन महिने आणि ९ लाख हे नक्की कशाचे, ते त्या गृहस्थाला लेखी विचारा.

परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाच्या पेपरला, ७५ टक्के, आणि अर्ज करताना त्या परीक्षा १० वर्षांपेक्षा जुन्या असून चालत नाहीत. विषय तिच्या ओळखीचेच आहेत, कारण आपली सीएआर-६६, म्हणजे भारतात लायसन्स द्यायची नियमावली, तीही त्याच साच्यातली. पोरगी हुशार आहे, त्याची मला काळजी नाही.

काळजी अनुभवाची आहे. ईएएसएच्या मान्यतेच्या संस्थेतून कोर्स केला असेल तर बी१.१ साठी २ वर्षं, तिथल्या खात्याला पटेल असं तांत्रिक कारागिराचं शिक्षण असेल तर ३, आणि यातलं काहीच नसेल तर ५ वर्षं, तीही चालू विमानांवरच्या प्रत्यक्ष कामाची. तिची संस्था फक्त डीजीसीएच्या मान्यतेची असेल, तर २ वर्षांची वाट बंद. राहिली ३ किंवा ५. तिची अडीच झालीत.

हा अनुभव सांगून चालत नाही, दाखवावा लागतो. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक मुलगा माझ्याकडं आला होता. आठ वर्षं हँगरमध्ये घासलेला, हाताला ग्रीसचा वास. लॉगबुक उघडलं तर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकच निळी शाई, एकच अक्षर, एका बैठकीत लिहिलेलं. त्याची कंपनी तोवर बंद पडली होती, सह्या करणारे पांगले होते. आठ वर्षांतली मोजून सव्वा वर्ष कागदावर उभी राहिली.

म्हणून लेकीला आज रात्रीच फोन करा. लॉगबुकच्या प्रत्येक ओळीत तारीख, विमानाची व्हीटीपासूनची पूर्ण अक्षरं, एटीए चॅप्टर (विमानातल्या त्या यंत्रणेचा ठरलेला क्रमांक), काम काय केलं, वर्क ऑर्डरचा नंबर आणि ज्यानं तपासलं त्याची सही नि लायसन्स नंबर हवा. ‘लँडिंग गिअरचं काम’ असं मोघम नको. ‘चॅप्टर ३२, डावीकडचं मेन व्हील बदललं’ असं हवं. रोज चाकंच बदलत असेल तर सुपरवायझरला म्हणावं, मला हायड्रॉलिक्स द्या, इंजिनवर पाठवा. तपासणारा कामांची विविधताही बघतो. दर महिन्याला सह्या, आणि नोकरी बदलताना क्वालिटी विभागाचं पत्र हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पाऊल नको.

टाइप रेटिंगबद्दल एक इशारा. भारतातलं ए३२० चं रेटिंग युरोपच्या लायसन्सवर आपोआप चढत नाही. त्यांच्या मान्यतेचा कोर्स करावा लागतो, आणि तो कोर्स लायसन्सवर नोंद करायच्या अर्जाआधीच्या ३ वर्षांतच सुरू होऊन संपलेला हवा. एजंट लोक हा महागडा कोर्स आधीच गळ्यात मारतात. मूळ लायसन्स हातात येत नाही तोवर त्यावर रुपया घालू नका.

व्हिसाचं खातं आणखी वेगळं. त्यासाठी तिचं शिक्षण जर्मन कारागिरीच्या बरोबरीचं आहे का, हे तपासावं लागू शकतं. अशी कामं बहुतांशी न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था बघते. ती मान्यता म्हणजे विमानावर सही करायचा अधिकार नव्हे. दोन्ही कागद वेगवेगळे, आणि एजंट नेमका इथंच गोंधळ करून पैसे काढतो. मात्र सहीचा अधिकार नसतानाही तिथल्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून हाताचं काम करता येतं आणि तो अनुभव मोजला जातो. बरेच जण असेच गेलेत. पगार इंजिनिअरचा नसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं म्हणाल तर तिनं आणखी काही काळ इथंच काढावा. शक्यतो हैदराबाद किंवा नागपूरसारख्या मोठ्या मेन्टेनन्स केंद्रात, युरोपच्या विमानांचं काम करायची मान्यता असलेल्या शॉपमध्ये शिरावं आणि नोकरी करताकरता वर्षाला चार-पाच मॉड्यूल उरकावीत. लग्नाचं तुम्ही पत्रात शेवटी ओझरतं लिहिलंय. ते तिला विचारा, मला नको.

छाटणीच्या सुमारास ती घरी येते असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तिला घेऊन सांगलीला या. लॉगबुक, मार्कशीट, संस्थेचं मान्यतापत्र बरोबर असू द्या. आणि ५० हजारांची पावती मिळाली असेल तर तीही आणा. नसेल मिळाली, तर पैसे कसे दिले, कोणत्या तारखेला, कुणासमोर, एवढं आजच वहीत लिहून ठेवा.