जोडी दोघांची, माइक एकाकडे
(वाचकांचे प्रश्न, स्टुडिओतून उत्तरं)

प्रश्न : मी आणि माझा दोस्त कॉलेजपासून वऱ्हाडीत रॅप करतो. तो बीट बनवतो अन् हुक (गाण्यात परत परत येणारं धृपद) गातो, मी लिहितो. सध्या तो व्यसनमुक्ती केंद्रात आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची सवय लागली होती. गणपतीचे प्रोग्राम तोंडावर आलेत. सोबतची पोरं म्हणतात, एकटाच कर आणि नाव बदलून टाक, त्याचं नाव खराब झालं. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की जोडीदार नसताना कसं वागायचं हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बन बी या रॅपरकडून शिकावं. हा माणूस कोण? आणि मी काय करू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, नाव बदलू नको. हे आधी सांगून टाकतो, मग बन बीकडे येतो.

बन बी म्हणजे बर्नार्ड फ्रीमन, जन्म 1973 चा. वाढला टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरला. मेक्सिकोच्या आखाताला लागून, लुइझियानाच्या सीमेजवळ असलेलं हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गाव. जॅनिस जॉप्लिनचं जन्मगावही तेच. ह्यूस्टन तिथून दीडेकशे किलोमीटर. त्या काळी रॅपचा सगळा कारभार न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या हातात होता. ह्यूस्टनलाच कोणी विचारत नव्हतं, तिथं पोर्ट आर्थरला कोण विचारणार! कोराडीच्या पोरानं मुंबईच्या स्टुडिओत उभं राहून 'काऊन बे' म्हणत सुरुवात करावी, तसं ते होतं.

त्याचा जोडीदार चॅड बटलर, म्हणजे पिंप सी. वडील ट्रम्पेट वाजवायचे, त्यामुळे पोराचा कान लहानपणापासून तयार. या दोघांची जोडी म्हणजे यूजीके, अंडरग्राउंड किंग्ज. कामाची वाटणी बरीचशी तुमच्यासारखी. बीट आणि सुरावट चॅडची. त्यात ऑर्गन, बेस गिटार, ब्लूज, चर्चच्या गाण्याचा वास. आपल्या संगीताला तो 'कंट्री रॅप ट्यून्स' म्हणायचा. रॅप दोघंही करायचे, पण आवाज एकदम वेगळे. चॅडचा आवाज वरचा, ओढून ओढून म्हणणारा, जवळजवळ गाणारा. बन बीचा छातीतून येणारा, जड. 'मर्डर' या गाण्यातलं त्याचं कडवं हेडफोन लावून ऐक. यमकावर यमक लागलेलं आहे, एका ओळीत तीन-तीन ठिकाणी, तरी तो ओरडत नाही. माझ्याकडे येणारी पोरं माइकला तोंड चिकटवून किंचाळतात, तेव्हा मी त्यांना हेच कडवं ऐकवतो. जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आहे, गळ्याच्या शिरांवर नाही.

त्यांचा पहिला मोठा अल्बम जाइव्ह कंपनीकडून 1992 मध्ये आला. 1996 चा 'रायडिन डर्टी' हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात भारी. ना सिंगल निघालं, ना व्हिडिओ. तरी पाच लाखांच्या वर खप होऊन तो 'गोल्ड' झाला. गाडीतल्या स्पीकरवरून, एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचला तो. 2000 मध्ये जे-झीच्या 'बिग पिंपिन'मध्ये हे दोघं दिसले आणि सगळ्या देशाला त्यांचे चेहरे कळले.

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. चॅडवर बंदूक रोखल्याची एक केस होती. त्यात मिळालेल्या सवलतीच्या अटी त्यानं पाळल्या नाहीत, आणि 2002 मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. नाव नुकतंच मोठं झालेलं आणि बीट बनवणारा आत. बन बीला सरळ वाट होती, नवीन नाव घ्यायचं, नवीन माणूस घ्यायचा. त्यानं काय केलं? जो बोलावेल त्याच्या गाण्यात जाऊन एक कडवं म्हणायला सुरुवात केली. मोठा असो की नवखा. आणि जिथं गेला तिथं 'फ्री पिंप सी'! गाण्यात तेच, टी-शर्टवर तेच. आपला माणूस जेलात आहे हे त्यानं कधी लपवलं नाही. दक्षिणेतले दुसरे रॅपरही मग तेच म्हणू लागले. 2005 मध्ये स्वतःचा पहिला सोलो अल्बम 'ट्रिल' काढला, तो अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहात गेला. म्हणजे एकट्यानं काम करणं आणि जोडी टिकवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट त्या एकट्या कामानंच जोडीचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं.

चॅड 30 डिसेंबर 2005 ला पॅरोलवर सुटला. ऑगस्ट 2007 मध्ये 'अंडरग्राउंड किंग्ज' हा दोन सीडींचा अल्बम आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं आउटकास्ट या दुसऱ्या रॅप जोडीबरोबरचं 'इंटरनॅशनल प्लेअर्स अँथम' ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचलं. जवळजवळ चार वर्षं वाट पाहिली त्याचं चीज झालं होतं.

आणि 4 डिसेंबर 2007 ला पिंप सी वेस्ट हॉलिवूडच्या एका हॉटेलात मृत सापडला. वय 33. कारण : कोडीन आणि प्रोमेथाझिन असलेलं खोकल्याचं औषध आणि त्यात झोपेत श्वास अडकण्याचा आजार.

म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कोडीन श्वास मंद करतं. झोपेत आधीच श्वास अडकत असेल तर माणूस उठणारच नाही असंही होऊ शकतं. त्याच्या सात वर्षं आधी यूजीके एका गाण्यात पाहुणे होते, थ्री सिक्स माफिया या रॅप ग्रुपच्या. ते गाणं याच सिरपचं कौतुक करणारं. ते ऐकायला मला आजही जड जातं. तुझा दोस्त केंद्रात आहे याची लाज वाटून घेऊ नको. तो तिथं आहे म्हणून तुला त्याची वाट पाहता येते आहे. तो बाहेर आल्यावर जुन्या कंपूतलं कोणी बाटली घेऊन आलं तर आडवा हो. स्वतःला काही सुधरत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे.

आता कामाचं. गणपतीचे प्रोग्राम कर, जोडीच्याच नावानं कर. स्टेजवर त्याचं नाव घे. त्याच्या आजाराचा तपशील सांगायची गरज नाही, ते सांगायचा हक्क त्याचा. त्याचे हुक रेकॉर्ड असतील तर तेच वाजव, दुसऱ्याकडून गाऊन घेऊ नको. त्याच्या बीटवर मिळालेल्या पैशातला वाटा त्याच्या घरी नेऊन दे, आणि किती दिला ते वहीत लिही. चॅडची आई, सगळे तिला 'मामा वेस' म्हणायचे, यूजीकेचा कारभार पाहायची. घरचं माणूस हिशोबात असलं की गैरसमज होत नाहीत. आणि त्याच्या सगळ्या फाइल, प्रत्येक ट्रॅक वेगळा, दोन हार्ड डिस्कवर ठेव. 2009 चा 'यूजीके फॉर लाइफ' निघू शकला तो चॅडचा आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला होता म्हणून. तुमच्यावर ती वेळ येणार नाही, पण पोरं मोबाइलमध्ये बीट ठेवतात, मोबाइल पडतो आणि सगळं जातं, हे मी सारखं पाहतो.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. कानात कायम अमेरिकन रॅप. एकदा मी त्या गाण्यांचे शब्द शोधून वाचले आणि हादरले. बायकांबद्दल काय वाटेल ते बोलतात. अशा लोकांचं कौतुक तुम्ही करावं?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, तुम्ही वाचलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक पालक न वाचताच चिडतात. बायकांबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या यूजीकेच्या गाण्यांतही तसं भरपूर आहे, जोडीदाराच्या नावातच आहे (पिंप म्हणजे बायकांचा दलाल). कला आहे म्हणून मी ते पोटात घालत नाही, आणि माझ्याकडे कोणी तसं लिहून आणलं तर मी आधी त्याला विचारतो की हे तुझ्या बहिणीसमोर म्हणशील का.

पण बन बी तेवढ्यावर थांबला नाही, हेही मुलाला कळू द्या. 2011 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात बन बीनं प्राध्यापक अँथनी पिन यांच्यासोबत धर्म आणि हिप-हॉप संस्कृती हा विषय शिकवला. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या हातून मारला गेला. फ्लॉइड ह्यूस्टनमध्ये वाढलेला, स्वतःही रॅप केलेला माणूस. तेव्हा शहरात त्याच्या कुटुंबासोबत जो मोठा मोर्चा निघाला, तो उभा करणाऱ्यांत बन बी होता. आता तर त्याचं ह्यूस्टनमध्ये बर्गरचं दुकान आहे, 'ट्रिल बर्गर्स', आणि लोक रांग लावतात.

हेडफोन काढून घेऊ नका. एक गाणं निवडायला सांगा आणि स्पीकरवर लावून सोबत ऐका. तो आपोआप असं गाणं निवडेल जे आईसमोर लावता येतं, आणि निवडताना त्याला स्वतःलाच फरक कळेल. 'वन डे' सुचवा. आज असलेला माणूस उद्या नसतो, एवढंच त्यात आहे, आणि मागं आयझ्ले ब्रदर्सच्या जुन्या गाण्याचा तुकडा वाजतो. थोड्या शिव्या त्यातही आहेत, आधीच सांगतो. आपण नागपूरचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' म्हणत बडग्यांसोबत (मिरवणुकीतल्या पुतळ्यांसोबत) चाललेली घोषणाबाजी तुम्ही ऐकलीच असेल. त्यात पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत कोणालाच सोडत नाहीत. राग शब्दांत काढायची सवय आपल्याकडेही आहे. तो राग कोणावर निघतो, एवढं मुलाला विचारत राहा.

प्रश्न : हल्ली पोरं गाणी हळू करून ऐकतात, आवाज घोगरा होतो. हे कुठून आलं?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : ह्यूस्टनमधून. डीजे स्क्रू नावाच्या माणसानं 1990 च्या दशकात दोन टर्नटेबलवर रेकॉर्डचा वेग कमी केला, मधले शब्द तोडून परत वाजवले आणि त्याच्या कॅसेट बनवून विकल्या. वेग उतरला की सूरही खाली येतो, म्हणून आवाज जाड वाटतो. आताची सॉफ्टवेअर सूर तसाच ठेवून नुसता वेग कमी करू शकतात. ती सोय बंद केली नाही तर तो घोगरेपणा येत नाही, पुतळ्यासारखं निर्जीव वाजतं. स्क्रू नोव्हेंबर 2000 मध्ये गेला, तोही कोडीनच्याच पायी. त्याच्या कॅसेटांवर ह्यूस्टनच्या गल्लीतली कितीतरी पोरं पहिल्यांदा माइकवर बोलली. तुमच्या घरात जुनी भीमगीतं असतील, कव्वालीच्या मुकाबल्याची, तर एखादं तसं हळू करून बघा. ढोलकीचा घुमारा लांबतो आणि कोरसमधला एकेक गळा वेगळा ऐकू येतो. मी केलं आहे, फाइल हवी असेल तर पत्ता कळवा.