ओटीच्या दिवशी गाडी ठरवून घे

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवरही बोलता आलं असतं, पण तू नवी आशा कार्यकर्ती आहेस, पिशवीत ठेवून पुन्हा वाचता यावं म्हणून कागदावर लिहिते आहे.

वस्तीवरच्या त्या सहा महिन्यांच्या गरोदर बाईचं तपासणीचं कार्ड ट्रंकेत पडून आहे. सासू म्हणते, "आमाला पाच लेकरं झाली, कुठं होतं कार्ड?" आणि तू लिहितेस, या घरात बाळंतपणाची काहीच तयारी नाही. इथंच तुझं चुकतंय. परत जाशील तेव्हा चुलीपाशी बस आणि नीट बघ. सासूनं जुनं सुती लुगडं धुऊन, उन्हात वाळवून बाजूला ठेवलं असेल. त्याचीच दुपटी आणि लंगोट होतात, कारण नवं कापड बाळाला टोचतं. बाळंतशेपा, ओवा, सुंठ, खोबरं डब्यांत पडलं असेल. बाजेची सैल पडलेली सुंभं तिनं ओढून घट्ट केली असतील. बाळंतिणीच्या सव्वा महिन्याची जुळवाजुळव ती बाई केव्हाची करते आहे. ती तुला तयारी वाटत नाही, कारण तुझ्या रजिस्टरात त्यासाठी रकाना नाही. तिच्या तयारीत एकच जागा मोकळी आहे: कळा सुरू झाल्यापासून बाळामागची वार पडेपर्यंतचे तास. ती जागा तिच्याच हातानं भरून घ्यायची, हे तुझं काम.

मी हे कशानं शिकले ते सांगते. उपकेंद्रावर नर्स म्हणून नवी होते तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका वाडीवर बाईची तिसरी खेप. तिसरी म्हणजे सोपी, असं सगळ्यांनी धरलेलं. सुईण आली, लेकरू सुखरूप झालं, पण वार अडकली. नवरा ऊसतोडीला गेलेला. सासरा म्हणाला, उजाडू दे. उजाडायच्या आत दीर जीपवाल्याकडे गेला, तर तो डिझेलचे पैसे आधी मागत होता. मला निरोप मिळून मी पोचले तेव्हा तिच्या अंगाखालची वाकळ उचलवत नव्हती, इतकी भिजली होती. जीप फाट्यापर्यंत आली आणि बाई गेली. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत, ओटी भरताना भरलेल्या.

त्या घरातलं कुणीच वाईट नव्हतं. पण "चला" हा शब्द कुणी म्हणायचा हे ठरलेलं नव्हतं. नवरा नसला तर कोण, गाडी कुणाची, पैसे कुठल्या डब्यात, मागं दोन लेकरांजवळ कोण झोपणार, यातलं काहीच ठरलं नव्हतं. अंगावरून रक्त जायला लागलं की बाई दोन तासांतही जाऊ शकते, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नुसत्या विचारपुशीत जातो.

म्हणून मी पुढं एक नेम केला. सातव्या महिन्यात ओटी भरतात त्या दिवशी मी हजर राहायचे. त्या दिवशी घरात सासरा असतो, दीर-जावा असतात, माहेरची माणसं असतात, शेजारणी असतात, आणि सगळे आनंदात असतात. जेवणं झाली की मी विचारायचे, "अण्णा, रातच्याला कळा आल्या तर गाडी कुणाची?" पंचवीस माणसांसमोर सासरा "बघू" म्हणत नाही, नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं तोही तिथंच जेवायला असतो. मग कोळशानं दाराशेजारी आकडे लिहायचे: १०२, १०८, जीपवाल्याचा नंबर. आणि वस्तीवर रेंज कुठं येते तेही विचारून घे. एका वाडीवर ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. ते घरातल्या शाळकरी पोराला ठाऊक होतं, सासऱ्याला नव्हतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सगळं २०११ पासून मोफत आहे, हेही त्याच बैठकीत मोठ्यानं सांग. खर्चाच्या धास्तीनं थांबलेली घरं मी पाहिली आहेत.

सुईणीला दुखवू नकोस. तिला बाळंतिणीसोबत दवाखान्यात पाठव. कळा देताना पाठ चोळणारा ओळखीचा हात लागतो, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत सोबतीला एक बाई ठेवता येते. सुईण गाडीत बसली की सासू आपोआप बसते.

तारखेचं म्हणशील, तर पाळीची तारीख विचारलीस की बाई गप्प होते. सण विचार. "नागपंचमीला झोका खेळले तेव्हा आली होती, मग नाही," असं ती चटकन सांगेल. कालनिर्णय काढून बघ. नागपंचमी ९ ऑगस्टला असली तर त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळव, १६ मेच्या आसपास बाळंतपण. आणि नोंद बारा आठवड्यांच्या आत हवी असली तर चोरओटीवर कान ठेव. तीन महिने होईपर्यंत बाया कुणाला सांगत नाहीत, तुलाही सांगणार नाहीत. पण आजीनं गुपचूप ओटी भरली की शेजारणीला कळतंच.

खाण्यावरून भांडू नकोस. "पोटभर खाल्लं की लेकरू मोठं होतं, मग अडतं" ही भीती खरी आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत कुणी अडून गेलं त्यांनी ती पुढं दिली आहे. सासूला सांग, अडली तर दवाखान्यात वाट आहे, पण अशक्त बाईला रक्त गेलेलं सोसत नाही. हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी, सातच्या खाली म्हणजे त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याची वाट. लोहाच्या गोळीनं शी काळी होते हे आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरून गोळ्या उकिरड्यावर जातात. गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची, चहासोबत नाही, आणि कॅल्शियमची वेळ वेगळी ठेवायची.

चेहरा-हात सुजले, डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून जरा जरी रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर तिथं काढा नाही आणि अंगाराही नाही. सरळ गाडी.

आता आपल्या भागाचं दुखणं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता जोडीचा, म्हणजे नवरा-बायकोचा मिळून असतो, म्हणून सहा-सात महिन्यांचं पोट घेऊन बाई फडात उतरते आणि डोक्यावर मोळी वाहते. तिला "जाऊ नको" म्हणून मी पुष्कळदा सांगितलं, फारसं कुणी ऐकलं नाही, कारण उचल मी फेडणार नव्हते. मग मी निघायच्या आदल्या रात्री जायला लागले. कार्ड तिच्याच ट्रंकेत, शिवाय त्याचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये. गोळ्या हाताशी. मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव आणि जवळचं आरोग्य केंद्र माझ्या वहीत. मुकादमाला तोंडावर सांगायचं की हिची तारीख अमुक आहे, त्या आठवड्यात गाडी तिच्या कोपीजवळ, झोपडीजवळ असू दे. दोघांनी फिरवाफिरव केली, बाकीच्यांनी ऐकलं.

पहिलटकरणीचं असंच. ती सातव्या-आठव्यात माहेरी जाते आणि आपल्या रजिस्टरातून सुटते. तिकडच्या आशेला ती आल्याचं कळेपर्यंत नववा लागतो. तू स्वतः फोन कर. आधारवर नाव सासरचं आणि बँकेत माहेरचं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करायला लाव, नाहीतर मातृवंदना योजनेचे पैसे लेकरू रांगायला लागलं तरी येत नाहीत.

बाळ झाल्यावरच्या रीतींत पुष्कळ चांगलं आहे. बाजरीची भाकरी, तूप, अळिवाची खीर, तेलाचा हात, सव्वा महिना विसावा. त्याला हात लावू नकोस. पाणी तोडतात ते मात्र होऊ देऊ नको, दूध पाण्यावरच उतरतं. बंद खोलीत बाजेखाली निखारे ठेवतात, तिथं दार उघडं ठेवायला लाव. नाळेवर राख, हळद, काहीच नको. पहिल्या दुधाबद्दल भाषण करायची गरज नाही. सासूला एवढंच विचार, "मावशी, गाय व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय तुम्ही गोठ्यातून हलता का?" मी हे विचारलं की म्हातारी बाई आधी गप्प व्हायची, मग बाळाला चाटवायची मधाची वाटी स्वतःच बाजूला सारायची.

तर तुझ्या त्या वस्तीवर उद्याच जा आणि कार्डाचा विषय काढू नकोस. सासूला लुगड्याच्या घड्या दाखवायला सांग. कुठल्या लेकराच्या वेळी काय झालं ते विचार. पाच झाली म्हणते, हाताशी किती आहेत तेही ती सांगेल, तेव्हा मध्ये बोलू नकोस. मग ओटी कुठल्या वारी आहे ते विचारून मला कळव. मी सकाळच्या एसटीनं येते.

तुझी,
सिस्टरबाई