रेघ, ठिपका आणि कोड : वाचकांचे प्रश्न

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत. हाताने चित्र काढणारे संगणकाकडे निघालेत, कोड लिहिणारे चित्राकडे, आणि दोघंही अर्ध्या वाटेत अडकलेत. त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत. कोडचा उल्लेख येईल तिथे पी-फाइव्ह-जेएस हे कोडने चित्रं काढायचं साधन धरून चाला. ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग बऱ्यापैकी येतं, पण कोरी स्क्रीन समोर आली की काय काढावं तेच सुचत नाही. पिंटरेस्ट चाळून डोकं बधिर होतं. कल्पना आणायच्या कुठून?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

पिंटरेस्टवर तयार चित्रं दिसतात, ती ज्या नियमातून निघाली तो नियम दिसत नाही. तुम्हाला हवाय तो नियम. व्हेरा मोलनार (१९२४–२०२३) या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या चित्रकर्तीने १९५९ पासून कागदावरच एक 'काल्पनिक यंत्र' चालवलं होतं. स्वतःला नियम घालून द्यायचे आणि यंत्रासारखे पायरीपायरीने पाळायचे, एवढंच. खरा संगणक त्यांच्या हाती आला तो १९६८ मध्ये. म्हणजे सुचण्याचं काम संगणकाच्या आधीच सुरू झालं होतं.

तुम्हीही एक जुनं चित्र पुन्हा बांधून सुरुवात करा. जर्मनीच्या गेओर्ग नेस यांचं 'शोटर' हे साधारण १९६८ चं चित्र घ्या. आडवे १२, उभे २२, असे एकूण २६४ चौकोन. वरची ओळ शिस्तीत उभी असते. खाली येता येता चौकोन कलंडतात, सरकतात आणि तळाशी पार विस्कटतात. याला दोन लूप आणि दोन यादृच्छिक आकडे पुरतात. एक आकडा चौकोन किती फिरवायचा याचा, दुसरा किती सरकवायचा याचा.

पहिल्याच प्रयत्नात चौकोन कॅनव्हासबाहेर उडून गेले तर घाबरू नका. रोटेट हे फंक्शन चौकोनाला त्याच्या मध्याभोवती फिरवत नाही, कॅनव्हासच्या आरंभबिंदूभोवती फिरवतं. म्हणून प्रत्येक चौकोनाआधी पुश, मग ट्रान्सलेटने त्याच्या मध्यावर जायचं, मग रोटेट, रेक्टमोड 'सेंटर' ठेवून चौकोन, शेवटी पॉप. कोन रेडियनमध्ये मोजला जातो, त्यामुळे अँगलमोड 'डिग्रीज' न करता ४५ लिहिलंत तर भलतंच काहीतरी दिसेल. यादृच्छिक आकडा ० ते ४५ घेतला तर सगळे चौकोन एकाच बाजूला झुकतात. तो उणे ४५ ते अधिक ४५ हवा.

आता खरी गंमत. गोंधळ ओळीच्या क्रमांकाच्या सरळ प्रमाणात वाढवला तर ११ व्या ओळीलाच जास्तीत जास्त कोन साडेबावीस अंश होतो आणि चित्र फार लवकर विस्कटतं. त्याऐवजी ओळ भागिले २२ याचा वर्ग घ्या. त्याच ११ व्या ओळीला कोन सव्वाअकरा अंश उरतो, वरचा अर्धा भाग शांत राहतो आणि घसरण खाली जोर धरते. घन घेतला तर आणखी वेगळं. एकच आकडा बदलायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि अशी वीस चित्रं शेजारीशेजारी लावून बघायची. एकविसावं काय काढायचं ते या वीसांतलंच एखादं सांगतं, कारण 'हे जरा जास्त झालं' किंवा 'इथे अजून थोडं हवं होतं' असं तुमचं तुम्हालाच वाटायला लागतं.

सुरुवातीलाच रँडमसीडला (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या फंक्शनला) एक ठरावीक आकडा द्या, प्रत्येक चित्राला वेगळा, आणि चित्र साठवताना तो फाइलच्या नावात घाला. हे केलं नाही तर सगळ्यात चांगलं जमलेलं चित्र पुन्हा कधीच येत नाही. नॉइज (हळूहळू बदलत जाणारे यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन) वापरणार असाल तर नॉइजसीड वेगळं द्यावं लागतं. नॉइजला पूर्ण आकडे देऊ नका, शेजारच्या किमतींचा एकमेकींशी संबंधच राहत नाही. ०.००५ ते ०.०३ एवढ्या बारीक पावलांनी पुढे गेलात की लाटांसारखा गुळगुळीत बदल मिळतो.

प्रश्न : मी रांगोळीचे वर्ग घेते. ९ ते ५ ठिपक्यांची रांगोळी संगणकावर काढायला गेले, तर ती उभट, ताणल्यासारखी दिसते. शिवाय मला नुसती नक्कल नकोय, नवीन रांगोळ्या निघायला हव्यात. कसं करायचं?
— वाचक, सांगली

तुम्ही ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराएवढंच ठेवलेलं दिसतंय. मधोमध ठिपका येणाऱ्या मांडणीत तीन शेजारी ठिपक्यांचा समभुज त्रिकोण होतो. म्हणून दोन ओळींमधलं अंतर ठिपक्यांच्या अंतराच्या ०.८६६ पट हवं. ठिपके २० मिलिमीटरवर असतील तर ओळी १७.३२ वर. ओळींना उणे ४ ते अधिक ४ असे क्रमांक द्या. कोणत्याही ओळीत ९ वजा क्रमांक (चिन्ह सोडून) एवढे ठिपके, आणि ओळ मध्यापासून दोन्हीकडे सारखी. एकूण ६१ ठिपके आले पाहिजेत. नाही आले तर लूप एक पाऊल कमी किंवा जास्त चाललाय.

शेजारचे ठिपके जोडताना 'अंतर बरोबर २०' अशी अट घालू नका. ०.८६६ हा आकडा तोडलेला असल्याने तिरकं अंतर १९.९९९५ येतं, आणि निम्म्याहून जास्त रेषा गायब होतात. 'अंतर २२ पेक्षा कमी' अशी अट घाला. आतल्या प्रत्येक ठिपक्याला नेमके सहा शेजारी मिळतील.

नवीन रांगोळ्यांसाठी मात्र चौकटींचा मार्ग धरा. तो ठिपक्यांभोवती वळत जाणाऱ्या कोलम या तमिळ रांगोळीच्या जवळचा आहे. कोलमचं व्याकरण संगणकशास्त्रात फार आधीच आलंय. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासोबत १९७४ मध्ये कोलमवर ॲरे ग्रामरचा (जाळीत चिन्हं मांडायच्या नियमांचा) निबंध लिहिला होता. सोपी रीत अशी : ६ × ६ चौकटी घ्या. चौकटीच्या कोपऱ्यांवर ठिपके. प्रत्येक चौकटीत दोन पाव-वर्तुळं, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना केंद्र धरून, त्रिज्या बाजूच्या निम्मी. रेषा दर बाजूला बरोबर मध्यावर भेटते, त्यामुळे चौकट कशीही ठेवली तरी शेजारणीशी जुळतेच. चौकट ठेवायच्या रीती दोन, म्हणजे ३६ चौकटींच्या रचना ६,८७१ कोटींहून जास्त! पण त्यांतल्या बहुतेक शेवयांच्या गुंत्यासारख्या दिसतात.

इथे रांगोळी घालणारीची नजर कामाला येते. चारी बाजूंनी सारखेपणा हवा ही एकच अट घाला. मग फक्त वरचा डावा ३ × ३ भाग ठरवायचा असतो आणि एकूण रचना उरतात ५१२. एवढ्या एका संध्याकाळी नजरेखालून घालता येतात. आरशात चौकट उलटी होते हे लक्षात ठेवा. पहिल्या प्रकारची चौकट प्रतिबिंबात दुसऱ्या प्रकारची व्हायला हवी. तीच किंमत तशीच पुढे उचलली तर सारखेपणा मोडतो, आणि कुठे मोडला ते चटकन सापडत नाही. रेषा एकमेकींना छेदणारी रांगोळी हवी असेल तर अधिकच्या चिन्हासारखी तिसरी चौकट घाला. रचना १९,६८३ होतील. कडेला सुटलेली २४ टोकं शेजारची दोन-दोन अशी अर्धवर्तुळांनी बांधा आणि सगळं ४५ अंशांत फिरवा. आवडतील त्यांचे सीड वहीत उतरवा आणि रांगोळी हाताने घालून बघा. चिमटीला जे वळण जमत नाही ते स्क्रीनवर कितीही देखणं असलं तरी तुमच्या वर्गाच्या कामाचं नाही.

प्रश्न : एआयला 'वारली' सांगून चित्रं मागवली. दिसायला छान, पण सगळी एकसारखी. फ्रेम करून विकली तर चालतील का?
— वाचक, ठाणे

'वारली' म्हणून विकू नका. वारली चित्रकलेला भौगोलिक संकेतांक मिळालेला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती पालघरकडच्या लोकांची जिवंत कला आहे. एआयची चित्रं जवळून बघा : दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेलं शरीर अनेकदा कंबरेत जाडसर होतं, तारपा नाचातले हात एकमेकांत गुंफलेले नसतात आणि गेरूच्या रंगावर सावल्या पडतात. एकसारखी वाटतात, कारण मागणीतच नियम नाही, फक्त एक नाव आहे.

मालकीचं म्हणाल तर १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणून ती कृती घडवून आणणाऱ्या व्यक्तीला धरतो. पण ती तरतूद आजच्या एआयच्या आधीची आहे, तिच्या भरवशावर धंदा उभारू नये.

स्वतःची रेखाटनं देऊन इमेज-टू-इमेज (चित्रावरून चित्र) करा. डीनॉइझिंगचा, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं याचा आकडा ०.३ ते ०.४ ठेवलात तर तुमची रचना टिकते आणि पोत, रंग बदलतात. ०.७ च्या वर गेलात की तुमचं रेखाटन जवळजवळ पुसलं जातं. आमच्या मते एआयचा उपयोग एवढ्यापुरताच ठेवावा.

प्रश्न : घरी पेन प्लॉटर (पेन धरून कागदावर रेघा काढणारं यंत्र) बनवलाय. नेमा-१७ मोटर, आर्डुइनो उनो, ए४९८८ ड्रायव्हर, पेन उचलायला छोटी सर्व्हो. वर्तुळ बंद होत नाही आणि कधी कधी अर्ध्यावर सगळं चित्र सरकतं. शिवाय हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून दिलं की प्रत्येक रेघ दोनदा येते.
— अभियंता, पिंपरी

तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत, एकच उपाय शोधू नका.

वर्तुळ बंद होत नसेल तर ढिलेपणा शोधा. पेन कागदावर टेकवून टोकाला बोटाने हळूच आडवं ढकला. मिलिमीटरभर जरी हललं तरी दोष पेनच्या पकडीत आहे, मोटरमध्ये नाही. नंतर बेल्टचा ताण आणि पुलीचा ग्रब स्क्रू तपासा. तो मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसायला हवा. २० दातांची पुली, जीटी२ बेल्ट आणि १६ मायक्रोस्टेप असतील तर मिलिमीटरला ८० पावलं होतात : फेरीची ३,२०० पावलं भागिले फेरीचे ४० मिलिमीटर. १०० मिलिमीटरची रेघ काढून मोजा. थेट ८० मिलिमीटर भरली तर आकडे बदलत बसू नका, पुली १६ दातांची आलीय.

सगळं चित्र सरकतं ते मोटर पावलं चुकवते म्हणून. वेगापेक्षा प्रवेग आधी कमी करा : २०० मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग, वेग मिनिटाला १,५०० मिलिमीटर. ड्रायव्हरचं व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) ८ गुणिले करंट गुणिले रोधक एवढं ठेवा. ०.८ अँपिअरला बोर्डावरच्या रोधकावर आर१०० (०.१ ओहम) लिहिलं असेल तर ०.६४ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.३२. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलला की ड्रायव्हर तापून मध्येच थांबतो, आणि चित्र सरकायला तेवढं पुरतं. सर्व्हो आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर चालवू नका, पेन उचलताना बोर्ड रीसेट होईल. वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा. वीज चालू असताना मोटरची पिन काढायची नाही, ड्रायव्हर जागीच जातो.

दुहेरी रेघ इंकस्केपसारख्या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या ट्रेसमुळे येते. तो शाईच्या दोन्ही कडा गिरवतो. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइन निवडा. मग व्हीपाइप या प्लॉटरच्या फाइली नीट लावणाऱ्या साधनातून लाइनमर्ज आणि लाइनसॉर्ट चालवा, म्हणजे पेन उगाच उड्या मारत फिरणार नाही. प्लॉटरला भरलेला रंग कळत नाही, फक्त रेघ कळते. काळा भाग हवा असेल तर जवळजवळ रेघोट्या द्या, ०.५ च्या पेनला ०.४ मिलिमीटर अंतराने. कागद २०० जीएसएमच्या खालचा नको, तिरक्या रेघोट्यांचा दुसरा थर बसला की पातळ कागद फुगतो आणि टोक त्यात रुततं. गडद कागदावर पांढरं जेल पेन चालवायचं असेल तर वेग मिनिटाला १,००० च्या खाली आणा. जोरात चालवलं की त्याचा गोळा शाई न घेताच घसरतो आणि रेघ तुटक येते.

प्रश्न : स्क्रीनवर झगमगणारा निळा छापून आल्यावर मरगळतो, आणि ए३ वर रेषा दातेरी दिसतात.
— वाचक, न्यू जर्सी

दातेरीपणाचं कारण आकार. ६०० × ८४८ चा कॅनव्हास ३०० डीपीआयला जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद छापला जातो. क्रिएटकॅनव्हासच्या आधी पिक्सलडेन्सिटी ५ लिहा. चित्र ३,००० × ४,२४० पिक्सेलचं होतं आणि ए३ ला सुमारे २५० डीपीआय मिळतात, भिंतीवर लावायला तेवढे पुरतात. कॅनव्हासचे आकडे थेट वाढवू नका, रेषांची जाडी आणि नॉइजची पावलंही बदलतात आणि चित्र वेगळंच येतं.

निळ्याचं दुखणं मात्र कोडने सुटत नाही. प्रकाशाचा निळा, चमकता हिरवा आणि शाईचे रंग यांची पोच वेगळी असते. छपाईवाल्याकडून त्याच्या कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल) मागा आणि क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांची स्क्रीनवरची झलक) चालू करून रंग निवडा. मग निळा थोडा गडद करून शेजारी कोमट पिवळा किंवा विटकरी ठेवा. शाई तीच राहते, पण तिचा निळा जास्त उठून दिसतो. पूर्ण ए३ काढण्याआधी त्याच कागदावर चित्राची १० सेंटिमीटरची एक पट्टी छापून घ्या, आणि ती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी उजेडात बघून मगच होकार कळवा.