धनुष्कोडीचे स्थानक कोणासाठी होते?

प्रश्न : रामेश्वरच्या यात्रेत आम्ही धनुष्कोडीला गेलो, तेव्हा जीपवाल्याने वाळूत उभ्या असलेल्या पडक्या भिंती दाखवून ते जुने रेल्वे स्थानक असल्याचे सांगितले. पांबन पुलावरून गाडी समुद्रात पडल्यामुळे ते बंद झाले, असेही तो म्हणाला. हे खरे आहे का? मच्छीमारांच्या एवढ्याशा गावाला स्थानक कशाला हवे होते आणि ते पुन्हा का बांधले नाही?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अवशेष स्थानकाचेच आहेत, पण गाडी पुलावरून पडली, ही हकिगत यात्रेहून परतलेल्या अनेकांच्या तोंडी असली तरी खरी नाही. पांबन स्थानक पूल ओलांडल्यावर, रामेश्वरच्या बेटावर लागते आणि 22 डिसेंबर 1964 च्या रात्री 653 क्रमांकाची पॅसेंजर तेथूनच धनुष्कोडीकडे निघाली होती, म्हणजे तिच्या वाटेत पूल नव्हताच. धनुष्कोडी अगदी जवळ आले असताना चक्रीवादळात उसळलेल्या समुद्राने ती गाडी गिळली आणि आतल्या शंभराहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. त्याच वादळात पांबन पुलाचेही बहुतेक गर्डर वाहून गेले, त्यामुळे पुढे सांगणाऱ्यांनी दोन्ही घटना एकत्र केल्या असाव्यात. इतकी माणसे जेथे गेली, तेथली गोष्ट तरी नीट सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

आता स्थानकाविषयी. ते गावासाठी नव्हतेच. ते श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला जाणाऱ्यांसाठी होते. पूर्वी मद्रासहून तुतिकोरिनपर्यंत रेल्वेने आणि तेथून कोलंबोपर्यंत आगबोटीने लांबचा प्रवास करावा लागे. 24 फेब्रुवारी 1914 रोजी पांबनचा पूल खुला झाला आणि मीटरगेज गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. समोरच्या तलैमन्नारपर्यंत आगबोटीचा प्रवास सुमारे 35 किलोमीटरचाच उरला आणि तेथे कोलंबोची गाडी मिळे. मद्रासहून निघतानाच कोलंबोपर्यंतचे एकच तिकीट काढता येत असे. म्हणूनच या गाडीला ‘बोट मेल’ हे नाव पडले. या मार्गाच्या प्रवाशांत साहेबलोक आणि व्यापारी होते, तसेच सिलोनच्या चहामळ्यांवर निघालेले तमिळ मजूरही मोठ्या संख्येने होते. या मजुरांना पुलाच्या अलीकडे मंडपम येथे सिलोन सरकारच्या छावणीत आरोग्यतपासणीसाठी थांबवून ठेवीत. अशा वर्दळीमुळे गावात कस्टम्सची कचेरी, पोस्ट, शाळा, चर्च असे सगळे उभे राहिले. मुख्य मार्ग धनुष्कोडीचा आणि रामेश्वरला जाणारा फाटा पांबनहून, ही त्या काळची रचना आज यात्रेकरूंना सांगूनही पटत नाही.

वादळानंतर पांबनचा पूल तरुण अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली, समुद्रात पडलेले गर्डर बाहेर काढून, अवघ्या 46 दिवसांत दुरुस्त झाला. तेव्हा रेल्वेकडे बळ नव्हते, असे म्हणता येणार नाही. परंतु धनुष्कोडी वस्तीस अयोग्य ठरवण्यात आले, आगबोटीचा धक्का रामेश्वरला हलला आणि ज्या एका कामासाठी ते स्थानक होते, ते कामच तेथे राहिले नाही. रामेश्वरहून सुटणारी बोटही पुढे श्रीलंकेतील यादवीमुळे 1984 च्या सुमारास बंद पडली.

रामेश्वर ते धनुष्कोडी सुमारे 17 किलोमीटरचा लोहमार्ग पुन्हा टाकण्यासाठी 2019 मध्ये पायाभरणी झाली होती, पण काम पुढे सरकले नाही. मला त्याचे दुःख नाही. 2017 पासून थेट टोकापर्यंत पक्का रस्ता आहे. त्या अरुंद वाळूच्या पट्ट्यावर नवे रूळ टाकण्यापेक्षा पाण्याच्या टाकीचे खांब, स्थानकाच्या भिंती आणि प्रवाळाच्या दगडांत बांधलेले चर्च जपण्यावर खर्च व्हावा. खाऱ्या वाऱ्याने त्या भिंती झिजत आहेत आणि तेथे काय होते, याचा तपशीलवार फलक लावला, तर जीपवाल्यांनाही खरी हकिगत सांगता येईल.