रक्ताच्या तपासणीवरून हृदयरोग असलेला माणूस किती वर्षं जगेल हे कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 68 वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसवलाय, आता हिंडते-फिरते आहेत. परवाच्या तपासणीत एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) 640 आली आणि रिपोर्टवर तिच्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलंय. यावरून त्यांचं पुढचं आयुष्य सांगता येतं का?

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे, डॉक्टर नाही. माझ्यापुढे नळी येते, माणूस क्वचितच येतो. तेव्हा जे सांगतेय ते नळीच्या बाजूने सांगतेय, हे लक्षात असू द्या.

वर्षं सांगता येत नाहीत. जोखीम सांगता येते, आणि तीही गटाची. एकाच वयाच्या, एकच आजार असलेल्या हजार माणसांत हा आकडा ज्यांचा जास्त, त्यांच्यातले जास्त लोक पुढच्या काही वर्षांत दगावतात, हे बऱ्याच मोठ्या अभ्यासांत दिसलंय. पण त्या हजारांत तुमचे वडील नेमके कुठे बसतात, ते नळीला माहीत नसतं.

आता त्या 640 कडे येऊ. बीएनपी हे संप्रेरक 1988 मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावातल्या ‘बी’चा अर्थ ‘ब्रेन’. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कप्प्याच्या भिंतीवर ताण आला की पेशी 108 अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात आणि तिचे दोन तुकडे होतात: 32 चं बीएनपी आणि 76 चं एनटी-प्रोबीएनपी. पहिलं रक्तातून झपाट्याने नाहीसं होतं, दुसरं जास्त वेळ टिकतं. म्हणून दुसऱ्याचा आकडा कितीतरी मोठा असतो.

हे एवढं खोलात सांगायचं कारण म्हणजे एक फोन. एका मुलीने घाबऱ्या आवाजात विचारलं होतं, ‘आईची बीएनपी मागच्या महिन्यात 180 होती, आता 1100 कशी झाली?’ दोन्ही कागद मागवून घेतले. एकावर बीएनपी, दुसऱ्यावर एनटी-प्रोबीएनपी. वेगळ्या लॅब, वेगळी टेस्ट. आईची तब्येत होती तशीच होती, घरच्यांची मात्र दोन रात्री झोप उडाली होती. शिवाय हृदयासाठीची सॅक्युबिट्रिल हे औषध असलेली गोळी चालू असेल तर ती बीएनपी फोडणारं एन्झाइमच अडवते, त्यामुळे बीएनपी फुगलेली दिसू शकते. अशा पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपीच बघायची असते.

‘हाय’ शब्दाबद्दल. बाह्यरुग्ण तपासणीत 125 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा वापरतात ती हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडल्याची, शक्यता बाजूला सारण्यासाठी. आकडा त्याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता कमी, एवढाच तिचा उपयोग. वर गेला म्हणजे निकाल लागला असं नाही. वय वाढलं की आकडा वाढतो, किडनी मंदावली की वाढतो, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर, वाढतो. उलट स्थूल माणसात हृदय दमलेलं असूनही तो कमी दिसू शकतो. तरीही 640 वर ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून पांघरूण घालू नका. अटॅक येऊन गेलेल्या माणसात हा आकडा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) शेजारी ठेवून डॉक्टरांनी वाचायला हवा.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, स्नायूला इजा झाली की ते रक्तात गळतं. ती फक्त अटॅकची टेस्ट, असा समज आहे. पण नव्या हाय-सेन्सिटिव्हिटी पद्धतीत अगदी बारीक गळतीही दिसते. ट्रोपोनिन टी साठी निरोगी लोकांतली वरची मर्यादा 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. छातीत काहीही दुखत नसताना ज्यांचं ट्रोपोनिन कायम थोडं वर असतं, त्यांच्यात पुढे हृदयामुळे मृत्यू आणि हार्ट फेल्युअर जास्त दिसतं.

सीआरपीची गोष्ट मात्र मला सगळ्यात शिकवणारी वाटते. हे दाह दाखवणारं प्रथिन. 3 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर जोखीम जास्त धरतात, आणि 10 च्या वर असेल तर आधी कुठे इन्फेक्शन आहे का ते बघून टेस्ट पुन्हा करतात. 2017 मध्ये कॅन्टोस नावाच्या औषध-चाचणीचे निकाल आले. अटॅक येऊन गेलेल्या, सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवर कॅनाकिनुमॅब हे औषध वापरून पाहिलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता सीआरपी उतरली, 150 मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, स्ट्रोक आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. पण एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही, आणि जीवघेणी इन्फेक्शन वाढली. त्याच वर्षी गाइड-आयटी चाचणीत हार्ट फेल्युअरच्या पेशंटची एनटी-प्रोबीएनपी 1000 च्या खाली आणायची असं ठरवून उपचार केले, तर नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा हाती जास्त काही लागलं नाही. तेव्हा ‘आकडा खाली आणायला काय करू?’ या प्रश्नावर जरा सबुरीने घ्या.

रक्तात मोजल्या जाणाऱ्या प्रथिनांची एसटी2, गॅलेक्टिन-3, जीडीएफ-15 अशीही नावं वाचनात येतील. त्यातलं जीडीएफ-15 मृत्यूची जोखीम बऱ्यापैकी दाखवतं, पण ते मधुमेहात आणि कॅन्सरमध्येही वाढतं. रोजच्या उपचारांत या तिघांवाचून फारसं अडत नाही.

अडतं ते साध्या गोष्टींवाचून, आणि त्या तुमच्या फाइलमध्ये बहुधा आहेतच. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, सोडियम. आणि सीबीसीमध्ये कोपऱ्यात छापलेला आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारात किती उन्नीस-बीस आहे त्याचा आकडा. तो वाढलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत मृत्यू जास्त आढळतात. त्यासाठी वेगळं रक्त लागत नाही, तरी त्याबद्दल विचारणारा फोन मला आजवर आलेला नाही!

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर एबीसी स्कोअरबद्दल विचारा. स्थिर हृदयरोगासाठीच्या या हिशेबात वय, एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन टी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), मधुमेह, धूम्रपान आणि पायांच्या धमन्यांचा आजार एकत्र धरतात. एकट्या 640 पेक्षा तो कितीतरी जास्त बोलतो.

पुढचं सॅम्पल शक्यतो त्याच लॅबमध्ये, तीच टेस्ट म्हणून द्या. 640 चे 560 झाले म्हणून आनंद नको, 720 झाले म्हणून धसकाही नको. साधारण 30 टक्क्यांच्या आतला फरक शरीराच्या रोजच्या चढउतारातही पडतो. आणि वडील केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असतील तर रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा. मोठ्या डोसमध्ये ती काही मशीनवर ट्रोपोनिन खोटं कमी दाखवते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. आम्ही फॉर्मवर हृदयाच्या गोळ्या विचारतो, पण केसांची गोळी ही ‘गोळी’ आहे असं कुणालाच वाटत नाही, त्यामुळे ती लिहायची राहून जाते.