गाजलेली कादंबरी आवडली नाही, तर वाचनालयाच्या अभिप्रायवहीत तसे लिहावे का?

सर्वांनी नावाजलेली एक कादंबरी आपण अर्ध्यावर सोडली, वाचनालयाच्या अभिप्रायवहीत तसे लिहावेसे वाटते, पण साहित्याचा अभ्यास नसल्याने हात थांबतो, असे आपण विचारले आहे. अवश्य लिहावे, आणि अर्ध्यावर सोडली हेही लिहावे.

साहित्याचे शिक्षण माझेही झालेले नाही. कादंबरी परत करताना वहीत चार ओळी लिहिण्याची सवय मात्र जुनी आहे. सुरुवातीला मी 'ओघवती भाषा', 'जिवंत व्यक्तिरेखा' अशी मलपृष्ठावरचीच विशेषणे उतरवीत असे. आज त्या ओळी कोणत्या पुस्तकाविषयी आहेत, हे मलाही ओळखता येत नाही. त्याच वहीत एका वाचकाने एका जाडजूड कादंबरीबद्दल लिहिले होते की, पात्रांची नाती लक्षात राहीनात म्हणून पहिली साठ पाने जड गेली, मग कागदावर वंशावळ काढली आणि पुढचे पुस्तक भराभर वाचून झाले. मी ती कादंबरी त्याआधी दोनदा न वाचताच परत केली होती. ती नोंद वाचून तिसऱ्यांदा घरी नेली, वंशावळ काढली आणि शेवटपर्यंत वाचली. कादंबरीचे वाङ्मयीन स्थान ठरवणे हे समीक्षकाचे काम आहे. वाचताना आपले काय झाले, हे मात्र आपल्यावाचून दुसरे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून 'रटाळ आहे' एवढेच न लिहिता कंटाळा कुठे आणि कशाने आला, ते लिहावे. अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरण्याची चार दारे सांगितली आहेत: कथानक, पात्रे, परिसर आणि भाषा. मी बहुधा पात्रांच्या दाराने आत जाते, त्यामुळे निसर्गवर्णनाची पाने मला लांबलेली वाटतात, आणि अभिप्रायात मी ते आधीच सांगून टाकते, म्हणजे परिसरासाठी वाचणारा माझ्या नापसंतीवरूनही ते पुस्तक उचलू शकतो. पुस्तक सोडण्याचा संकोचही पर्ल यांनी बराच हलका केला आहे. पन्नास पाने वाचूनही मन लागले नाही तर खुशाल थांबावे, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत, असा त्यांचा नियम आहे.

राग नेमका कशाचा आला आहे, हे ओळखणे मला सर्वांत अवघड गेले. एका कादंबरीतील नायिका शेवटी अपमान करणाऱ्या घरीच परत जाते, म्हणून मी 'शेवट फसला आहे' असे लिहून मोकळी झाले होते. काही महिन्यांनी जाणवले की, मी चिडले होते ती तिच्या निर्णयावर, आणि तो निर्णय अटळ वाटावा अशी तयारी लेखिकेने कितीतरी आधीपासून केली होती. पहिला अभिप्राय मी खोडला नाही. तारीख घालून त्याखाली दुसरा लिहिला. नायक स्वार्थी असणे आणि तो कच्चा रेखाटलेला असणे या निराळ्या गोष्टी आहेत, पण पुस्तक नुकतेच मिटलेले असताना हा भेद सुचत नाही. मी म्हणूनच एक रात्र मध्ये जाऊ देते.

आपल्या हातातली प्रत कोणती, हेही नोंदवावे. अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव, संक्षिप्त आवृत्ती असल्यास तसा उल्लेख. हर्मन मेलव्हिल यांची 'मोबी-डिक' ही सागरी कादंबरी १८५१ साली लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने निघाली, तेव्हा तिच्यातला उपसंहार गळाला होता. जहाज बुडाल्यावर कथा सांगणारा एकटाच कसा बचावला, हे त्यातच होते. साहजिकच, बुडालेला माणूस गोष्ट सांगतो कसा, असा आक्षेप तेथील काही परीक्षकांनी घेतला. त्यांचे वाचन प्रामाणिक होते, प्रत अपुरी होती.

शेवट उघड करणे तेवढे टाळावे. आपण कोणत्या पानावर थांबलात, त्या पानापर्यंत कशाची वाट पाहत होतात आणि ते का मिळाले नाही, एवढे लिहिले तरी पुरे. त्याखाली चार ओळींची जागा कोरी सोडावी. ती कादंबरी आवडलेला कोणी ना कोणी तिथे उत्तर लिहितो, असा माझा अनुभव आहे.