दापोलीकडे घर बांधतोय, चार माणसं आहोत. आंघोळीच्या पाण्याला गीझर, सोलर की गॅस गीझर?

गॅस गीझर बंद न्हाणीघरात नको, हे आधीच सांगते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आतला माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. बसवायचाच तर भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत.

आता सोलर. मी लग्न होऊन आंजर्ल्याला आले तेव्हा मागीलदारी पाणचूल होती, तीत तांब्याचा हंडा लिंपून बसवलेला. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या, आगरात पडेल ते खाली सारायचं. खर्च शून्य. 2018 साली घर दुरुस्तीला काढलं आणि धाकट्या भावोजींनी (डोंबिवलीला असतात, गणपतीला येतात) ती पाडायला लावली. "वहिनी, पाहुण्यांसमोर धूर बरा दिसतो का?" हंडा मोडीत गेला. स्लॅबवर दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर आला.

एप्रिलात त्यातून हात पोळेल असं पाणी येतं, तेव्हा सगळ्यांना विहिरीचं गार हवं असतं. आषाढात गरम पाण्यावाचून अंग हलत नाही, तेव्हा आठ-आठ दिवस ऊन नाही. मग टाकीतली विजेची कॉइल लावा. म्हणजे गीझरच की!

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. माड सोलरवर आडवा, नळ्यांचा चुरा. आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. सासूबाई ऐंशीच्या, गुडघ्यांना वात. अंगणात तीन चिरे मांडून वर टोप ठेवला. आगरभर माड पडलेले, पण वाळकं सोडण एक मिळेना. ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे भरले, धुराने थोडे, संतापाने जास्त. फोन लागायला लागले तेव्हा भावोजी म्हणाले, "असं वादळ शंभर वर्षांत एकदा येतं." पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. त्यावर त्यांचा फोन नाही.

तर गीझर घ्या, पण टाकीचा, पंधरा ते पंचवीस लिटरचा. तीन लिटरचा, 3 किलोवॅटचा झटपट गीझर मिनिटाला दोन लिटरची धार साधारण वीस अंशांनी तापवतो, आपल्याकडे तेवढं पुरतं. पण पावसात दाब 230 वरून 180 व्होल्टवर आला की तोच गीझर दोन किलोवॅटसुद्धा देत नाही, आणि तुम्ही साबण लावून कुडकुडत उभे. टाकीचा निदान उशिरा का होईना तापतो. विहीर खाडीजवळ असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी उघडून बघा. खारं पाणी तो भराभर खातं, आणि तो संपला की टाकीची पाळी. अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा स्विच लावालच.

आणि मागीलदारी पाणचूल बांधाच. सोडणं पावसाआधी माळ्यावर भरून ठेवा.

हो, पाणचूल गेल्यावर सासूबाईंचा खोकला कमी झाला, हे भावोजींचं खरं आहे. म्हणून ती पडवीला चिकटून नको, चार हात लांब, वर पत्रा टाकून. आणि तुमच्या आवारात माड नसेल, गावात वीज टिकत असेल, तर सोलरही घ्या, उन्हाळा-हिवाळ्याचं बिल वाचेल.

हंडा मात्र तांब्याचाच बघा. आमचा मोडीत कितीला गेला ते भावोजींनी मला अजून सांगितलेलं नाही.